बिनझटक्याचं पिस्तूल

"पिस्तूल कसं निवडावं ते मला विचारा," असं अरुण हल्ली अमेरिकेत, रेडमंडमधल्या प्रत्येक मराठी घरी सांगायचा. कुणी विचारत नसे, हा भाग वेगळा.

क्रिकेटमध्ये मनगट मोडून घेतलेलं, त्यामुळे त्याला झटका कमी देणारं पिस्तूल हवं होतं. नेमबाजी क्लबच्या स्पर्धेत चालेल आणि रोज कमरेलाही लावता येईल असं. दुकानदारानं पहिलाच प्रश्न टाकला, "मिसेससाठी का?" अरुणचं डोकं तिथेच फिरलं. आधी दाखवलेलं चिमुकलं पिस्तूल कमरेला झकास बसलं, पण रेंजवर उडवताच मनगट ठणकायला लागलं. शेवटी त्यानं सबंध पोलादी, चांगलं वजनदार पिस्तूल घेतलं. जड पिस्तूल झटका कमी देतं, हे शास्त्र आहे. त्या वजनानं पँट एका बाजूनं खाली येते हेही शास्त्रच, पण ते बायकोनं सांगितल्यामुळे त्यानं मानलं नाही.

"पँटला खांद्यावरून गॅलिस लाव," शुभा म्हणाली. "आणि रोज कशाला हवंय? ऑफिसात सगळे प्रोग्रॅमर आहेत यार."

क्लबच्या टीमची निवड नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. ती हुकली तर त्या दुकानदाराकडून वर्षभर 'मिसेससाठी का' ऐकायचं, या विचारानंच अरुणचा संताप व्हायचा.

दसऱ्याला सांगलीहून आलेल्या आईनं गाडी पुजली, कॉम्प्युटर पुजला, आणि मग म्हणाली, "घरात खरं शस्त्र असताना कुलपात काय ठेवतोस? आण इकडे."

अरुणनं गोळ्या काढल्या, दोनदा तपासलं, आणि रिकामं आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून पिस्तूल उघडंच पाटावर ठेवलं. आईनं सढळ हातानं हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या.

"आई, पुरे. मशीन आहे ते."

"गाडी काय आहे मग? आणि सकाळपर्यंत पुसायचं नाही हं."

सकाळी उशीर झाला. अरुणनं रुमालानं वरवर पुसलं आणि निघाला.

रेंजवर इशारा झाला. शेजारी धडाधड बार सुटले. अरुणनं चाप ओढला, पुन्हा ओढला, पिस्तूल ढिम्म. म्हाताऱ्या रेंज ऑफिसरनं ते उघडून तळहातावर एक लालभडक दाणा काढला.

"हे काय?"

"तांदूळ."

"पिस्तुलात?"

"मी जिंकावं म्हणून आईनं घातलाय."

ऑफिसरनं शून्य लिहिलं.

अरुण घरी आला तो तणतणतच. "आई, तुझ्या एका तांदळानं माझी निवड घालवली. पिस्तूल उडालंच नाही."

"अगंबाई. म्हणजे झटकासुद्धा नाही बसला?"

अरुणनं मनगटाकडे पाहिलं. "नाही."

"मग तुला हवं होतं तसंच निघालं की," आई म्हणाली आणि कढी ढवळायला वळली.