शिवलिंगअण्णा आणि जिन्यातला धूर

कुणाच्याही नव्या घरात पाय ठेवला की शिवलिंगअण्णा आधी छताकडं बघतात, मग दाराकडं, मग जिन्याकडं. यजमान फरशी दाखवत असतो, देवघर दाखवत असतो. अण्णांचं तिकडं लक्षच नसतं. "ते ऱ्हाऊ दे. धूर कुठनं जाणार?"

कोल्हापुरात अण्णांचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे आणि मी तिथं कामाला आहे. गाव माझं पार नांदेड जिल्ह्यात, किनवटकडं. शाळा आठवीतच सुटलेली, त्यामुळं इकडं आपल्याला कोण उभं करणार, ही धास्ती घेऊनच उतरलो होतो. अण्णांनी मार्कलिस्ट मागितली नाही. "जेवलास का?" म्हणाले आणि काउंटरच्या आत घेतलं. अजूनही ते ओरडले की मला वाटतं, आता काढतात. पण माया आली तरी ते ओरडतातच.

वायर मागितली की गिऱ्हाइकाची उलटतपासणी सुरू. एकदा कागलचे पाहुणे गोठ्यासाठी कमी धुराची भारी वायर मागत होते. शेजाऱ्यानं तीच नेली होती म्हणे. अण्णा गडहिंग्लजच्या बाजूचे, चिडले की कानडी बाहेर पडतं. "बेडा, बेडा! नको ती! चारी बाजूनं उघडा गोठा तुमचा. धूर काय म्हशीजवळ बसून ऱ्हाणार हाय व्हय? साधी न्या." पाहुणे हिरमुसून गेले. मागोमाग तळघरात क्लास काढणारे एक सर आले. त्यांना हवी होती साधी, आणि अण्णा ती देईनात. "ही जळताना काळा धूर हुतोय. डोळं झोंबत्यात, घसा धरतोय, माणूस भिंती चाचपत बसतंय. पोरं तळघरात आनि जिना एकच! कमी धुराची घ्या. जळंल ती बी, पण दार तरी दिसंल."

गेल्या महिन्यात बायको आणि लहानगी लेक गावाहून यायचं ठरलं. कसबा बावड्यात मोठ्या मिनतवारीनं वरच्या मजल्यावर खोली मिळाली. आनंदाच्या भरात मी अण्णांना म्हणालो, "या की खोली बघायला." बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली.

अण्णा आले ते जिन्यातच थांबले. मालकीणकाकींनी जुनी वायरिंग बदलायला काढली होती. सगळ्या घराच्या वायरी त्याच अरुंद जिन्यातून वर जायच्या, आणि पायरीवर साध्या वायरीची नवी बंडलं ठेवलेली.

"काकी, धूर कुठनं जाणार?"

"कसला धूर? चूल न्हाय माझ्यात, गॅस हाय."

"ह्यो जिना पेटला तर वरची माणसं खाली कशी यायची?"

"व्हय वो, खोली बघायला आलाय का घर पेटवायला?" काकी माझ्याकडं वळल्या. "असली पावणं आणणार असशील तर दुसरी खोली बघ, बाबा."

बायकोची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचायची होती. मी अण्णांची बाही ओढली. "अण्णा, राहू द्या. मिळालीय तेवढी पुरे."

अण्णा पायरीवर बसले. "काकी, ह्याची पोरगी उद्यापास्नं वर झोपणार. तुमची नातवंडं बी वरच झोपत्यात न्हवं? जिन्यापुरती तरी बदलून न्या. ही बंडलं मी परत घेतो."

काकी जिन्याखालच्या इवल्या चपलांकडं बघत राहिल्या. "बदला जावा," म्हणाल्या. "च्या घेणार?"

"घेतो की."

खोली राहिली. वर आल्यावर अण्णांनी पिशवीतून भेटीच्या कागदात बांधलेलं भिंतीवरचं घड्याळ काढलं. कागदाचा रंग उडाला होता. वर लिहिलं होतं, 'चि. बसवराज, वास्तुशांतीनिमित्त'. बसवराज त्यांचा सख्खा पुतण्या. त्याच्या बंगल्याला आता दुसरा रंगसुद्धा देऊन झालाय.

मी वाचलं, हे अण्णांनी बघितलं. "बोलावणंच आलं न्हाय रं. मी येऊन काय इचारणार, म्हाईत असतंय की सगळ्यास्नी."

खिळा ठोकून त्यांनी घड्याळ लावलं, तिरकं दिसलं म्हणून परत सारखं केलं. मग दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "पोरगी आली की येऊ का बघायला? काय बोलणार न्हाय मी."

"सकाळी आणायलाच चला ना बरोबर," मी म्हणालो.

सकाळी मी स्टँडवर पोचलो, तर इस्त्रीचा शर्ट घालून अण्णा आधीच आलेले. नांदेडची गाडी कुठं लागते, ते एकेका कंडक्टरला विचारत होते.