देवळ्याचे पाहुणे आणि न्हाणीमागचं मडकं

पाहुण्यांना घर दाखवावं तर मीच! शाळा माझी दुसरीतच सुटली, पण माझ्या घरात येऊन नाक मुरडेल असा पाहुणा अजून जन्माला यायचाय. त्र्याऐंशी साली तो जन्माला घालायचं काम माझ्याच पोराने जवळजवळ केलंच होतं!

पोराचं नाव झुंबर. वय पंचवीस, वाचनालयात कारकून, आणि तीन ठिकाणांहून नकार! कारण एकच. पाहुणे आले तरी हा पुस्तकातून मान वर काढायचा नाही. तिसऱ्या वेळी मुलीच्या मामाने "नाव काय?" विचारलं, तर याने पुस्तकाचं सांगितलं!

चौथं स्थळ देवळ्याचं. मुलीचे वडील चिमाजीअण्णा आणि आत्या लंकाबाई रविवारी घर बघायला येणार होते. मी मनाशी ठरवलं, या खेपेला सुपारी फोडल्याशिवाय पाहुण्यांना उठू द्यायचं नाही. चार दिवस आधीच सारवण, रंग, सगळं करून घेतलं. राहिला होता फक्त झुंबर.

त्याला जरा माणसात आणावा म्हणून गुरुवारी मीच म्हटलं, "जा, एखादा सिनेमा बघून ये."

"तूही चल ना, आई!"

नाशिक रोडला इंग्रजी सिनेमा लागला होता. हिरो बघावा तर आमच्या झुंबरचा जुळा भाऊ! जाड चष्मा, काखेत पुस्तक, चालताना खांबाला धडकणार. जुन्यापुराण्या वस्तू शोधत देशोदेशी हिंडतो, विहिरीत पडतो, उंटावरून पडतो, आणि पडला की आधी पुस्तक झटकतो, मग कपडे! दोन तास पडून झाल्यावर एका गोल दगडाखाली त्याला मिळालं काय? मडकं! सगळं थिएटर शिट्ट्या मारतंय!

"अरे, एवढ्यासाठी मरमर? कुंभाराकडे आठ आण्याला मिळालं असतं!" मी म्हटलं.

पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणाला, "मावशी, त्यात हजारो वर्षांपूर्वीच्या साधूच्या अस्थी आहेत."

"मग त्याला आंघोळ करायला सांगा!"

आणि त्या मडक्यावर भाळून नटीने त्याच्याशी लग्न केलं हो! झुंबरच्या डोळ्यांत तेव्हा चमक दिसली. मला वाटलं, लग्नाची. इथंच मी फसले.

रविवारी सकाळी मी पुरण वाटतेय, तर न्हाणीमागून कुदळीचा आवाज! धावत गेले. म्हैस बसेल एवढा खड्डा! चार दिवस सारवलेल्या अंगणात चिखलाचा ढीग. आणि खड्ड्यात आमचा बृहस्पती, हातात मडकं धरून उभा.

"आई, सापडलं!"

"अरे गाढवा, पाहुण्यांचा टांगा फाट्यावर आला असेल!"

"पण दगड अगदी तसाच गोल होता, सिनेमातल्यासारखा!"

"खलबत्ता पण गोलच असतो. घालू का डोक्यात?"

आमचे हे, म्हणजे गोटीराम, तेवढ्यात झेंडूच्या वाफ्यात पसार. संकट आलं की यांना तण दिसतं!

झुंबरने इतिहासाच्या जयराम मास्तरांना निरोपही धाडला होता. मास्तर भिंग घेऊन सायकलवर हजर. झाकणाचं लिंपण फोडलं. आत भुरभुरीत काळी माती, एक वाळकी सुपारी, गंजकी सुई आणि हिरवट पुटं चढलेली एक भोकाची चकती.

मास्तरांनी चकतीला भिंग लावलं. "सातवाहन! शंभर टक्के सातवाहन! ही चकती राजाच्या गळ्यातली. आणि ही माती नव्हे वहिनी, ही सत्पुरुषाची रक्षा!"

तोच दारात टांगा थांबला. मी पदर पसरून खड्ड्यापुढे उभी राहिले, पण खड्डा पदराहून मोठा!

पांढरंशुभ्र धोतर सावरत चिमाजीअण्णा आत आले. चिखल बघितला, मडकं बघितलं. "हाई काय शे?"

"दोन हजार वर्षांपूर्वीच्या साधूचे अवशेष!" मास्तर गरजले.

अण्णांनी जोडे काढले आणि धोतरासकट चिखलात साष्टांग! लंकाबाईंनी मडक्याला हळदकुंकू वाहिलं. अण्णांनी चिमूटभर रक्षा कपाळाला लावली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"गोड शे!"

हे बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. पदर सावरून मी म्हटलं, "आमचं घराणंच तसलं, अण्णा! सासूबाई म्हणायच्याच, या जागेत काहीतरी आहे."

अण्णा म्हणाले, "बाई, असं घर हातचं सोडायचं नाय. आणा सुपारी!"

मी ताट आणलं. अडकित्ता उघडला. तेवढ्यात काठी टेकत नवसाबाई सुईण आली. वय ऐंशी, नजर घारीची. खड्डा बघितला, मडकं बघितलं आणि म्हणाली, "सरू, झुंबरची वार कशाला गं उकरली?"

"कुणाची काय?" मास्तर.

"वार! बाळामागून पडते ती! हा जन्मला तेव्हा मीच पुरली की! सुपारी, सुई, भोकाचा पैसा घालून. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. पंचवीस वर्षांत एका कुत्र्यानं नाय उकरली, यानंच उकरली!"

 अण्णांची जीभ बाहेरच राहिली! लंकाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मास्तरांनी भिंग खिशात घातलं आणि सायकलवर टांग टाकली. आणि मी? माझ्याच पोटातली वार, आणि मीच तिच्यावर घराण्याचा मोठेपणा सांगत बसलेली!

चौथा नकार, दुसरं काय! अण्णा नळावर चूळ भरत होते. मोजून अकरा तांबे. मग मला भिंतीच्या आडोशाला बोलावून म्हणाले, "बाई, ते मी... जिभेवर..."

"हो. सगळ्यांनी बघितलं."

"देवळ्यात लोक मला निवाड्याला बोलवतात. हे तिकडं कळलं तर तोंड दाखवायला जागा नाय राहणार."

"छे हो! घरातली गोष्ट मी कशाला बाहेर सांगू?" मी म्हटलं. "फक्त ती घरातली व्हायला पाहिजे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. बाजारात कांद्याचा भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याकडे बघावं तसं! मग सुस्कारा सोडला.

"फोडा सुपारी, विहीणबाई. ताटातली. मडक्यातली नको!"

लग्न थाटात झालं. सून लाखात एक मिळाली. आणि मीही शब्दाची पक्की! देवळ्यात आजतागायत कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

आत्ताच हे सगळं लिहून सुनेला वाचायला दिलं. ती पोट धरधरून हसली, मग हसू आवरून म्हणाली, "आई, हे छापलं तर देवळ्यातही वाचतील ना?"

घ्या! हे कुठे माझ्या डोक्यात आलं होतं?