नळीला बांधलेलं फडकं

आमचे लिंबाजीनाना चालू इंजिनाच्या तेलाचं झाकण काढतात, भोकावर तळहात धरतात आणि डोळे मिटतात. मगच गाडीवाल्याला रामराम. गाडी असो की माणूस, त्यांचं निदान एकच: "दाब कोंडलाय."

गावच्या दूध संघात ते मेकॅनिक, मी ड्रायव्हर. त्या दुष्काळात दूध आटलं आणि आमचा टँकर पाणी वाहू लागला. त्याच सुमारास वडील गेले. तेव्हापासून आई बोलेना, रडलीही नाही. मला त्याचीच धास्ती होती. त्यात एका सकाळी तिनं दारात उभ्या टँकरच्या इंजिनाखाली लोंबणारी उघडी नळी पाहिली आणि धूळ जाऊ नये म्हणून, माठाला बांधतात तसं, दुहेरी फडकं गच्च बांधून टाकलं.

चौसाळ्याच्या अलीकडं सगळं तेल रस्त्यावर.

नानांनी फडकं सोडलं आणि थेट आमचं घर गाठलं. "वैनी, पिस्टनच्या कडेनं थोडा धूर खाली निसटतोच. तो ह्या नळीनं भायेर जातो. नव्या गाड्यांत परत इंजनात नेऊन जाळत्यात, आपल्या म्हातारीचा उघड्यावर. वाट बंद केली की दाब वाढतो, आन तेल सील फोडून निघतं."

आईनं नुसती मान हलवली. नाना तिच्याकडं बघतच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज चहाला हजर, आणि रोज नावं ठेवणार. "लई पानचट." "हा चहा हाय का रेडिएटरचं पाणी?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"नाना, तिला कशापायी छळताय?"

"गप बे. झाकण ढिलं करतोय."

शेवटी एका संध्याकाळी आई भडकली. "प्यायला पाणी मिळंना, आन ह्यास्नी चहात खोडी दिसतीया. ते असते तर..." पुढं बोलवेना. ती हमसून हमसून रडली. मग पदरानं नाक पुसत म्हणाली, "उद्यापास्नं आपल्या घरीच प्या, भावजी."

आता नाना मला डोळा मारणार, असं वाटलं. ते बशीकडं बघत होते.

"तिच्या चहाला बी असंच बोलायचो, वैनी. ती बी अशीच भांडायची. आता घरी भांडाया कुणी न्हाई."

नानांची बायको गेल्याला किती वर्षं झाली, पण तिचा विषय त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

आईनं पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं.

"साखर किती टाकू, भावजी?"

"तुमी टाकाल तेवढी," नाना म्हणाले.