तीन मोजेपर्यंत गप्प

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे माझी परीक्षा. इंदू आत मेथी निवडत बसलेली, मी बाहेर ओट्यावर. मधे एक भिंत. तिनं आतून माझ्या फोनवर फोन लावला. नियम असा, की फोन उचलायचा आणि तीन मोजेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

मी उचलला आणि म्हणालो, "हां, बोल."

भिंतीतून आणि फोनमधून एकदमच आवाज आला, "नापास!"

"अगं, तुझंच नाव आलं की वर!"

"नाव कुणाचंबी लावतील. श्वास ऐकला का?"

इंदू माझी बायको. बायकोबद्दल चांगलंच लिहायचं असतं म्हणतात, पण ती जशी होती तशी सांगतो. विक्षिप्त होती. हे मी तिच्या तोंडावर म्हणायचो, त्यामुळं आता मागं म्हणायला हरकत नाही.

चाकणच्या एका कंपनीत ती एकोणीस वर्षं माल तपासायला होती. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे पार्ट यायचे. एकेक पार्ट बोटावर अडकवायचा, बारक्या हातोडीनं टिचकी मारायची आणि कान लावायचा. चांगला पार्ट घंटेसारखा वाजतो. आत केसाएवढी चीर असली तर बद्द वाजतो. मग तीन ट्रे. हिरव्यात पास, पिवळ्यात दुरुस्तीचा, लालमध्ये भंगार. तिच्या हातून गेलेला पार्ट परत आला असं कधी झालं नाही, हे ती स्वतःच सांगायची. दिवसातून एकदा तरी.

रिटायर झाल्यावर ट्रे कंपनीत राहिले, पण सवय घरी आली. भाजीवाल्याच्या नारळाला टिचकी, माठाला टिचकी, एकदा जावयाच्या नव्या हेल्मेटलासुद्धा टिचकी. आणि मुलानं आम्हा दोघांना फोन घेऊन दिले, तेव्हापासून येईल त्या फोनला टिचकी.

तिचं म्हणणं असं. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो. मशीन घेत नाही. "त्याला छातीच न्हाई, तर श्वास कुठला?" म्हणून फोन उचलून गप्प बसायचं. समोरून श्वास, खोकला, कुत्र्याचं भुंकणं, काहीतरी आलं पाहिजे. नुसतंच 'नमस्कार, आपल्यासाठी सुवर्णसंधी' सुरू झालं की लाल ट्रे. लाल म्हणजे ब्लॉक. बोट दाबताना ती मोठ्यानं म्हणायची, "भंगार!"

एका मशीनशी मात्र ती भांडायची. रोज फोनवर एक बाई चऱ्होलीत दोन बीएचके विकायला यायची. निसर्गाच्या कुशीत. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरावरून तीच बाई, तोच गोडवा. शेवटी इंदू तिला म्हणाली, "अगं बाई, मी चऱ्होलीतच बसलीय! खिडकीतनं तुझी बिल्डिंग दिसतीय मला. पाण्याचा टँकर आत्ताच गेला. कुठल्या कुशीत म्हणतीस?"

मी म्हणालो, "ती ऐकत नाही. रेकॉर्डिंग आहे."

"म्हाईतीय. पण कुणीतरी तिला सांगायला नको व्हय?"

तिच्या या तपासणीत सगळ्यात जास्त हाल झाले आमच्या व्याह्यांचे. ते पिंपळे गुरवला राहतात. माणूस सज्जन, पण जन्मभर सरकारी ऑफिसात गेल्यामुळं बोलतात ते छापल्यासारखं. इकडून फोन उचलल्या उचलल्या, मधे न थांबता, "नमस्कार आपणास कळविण्यात आनंद होतो की," अशी सुरुवात. पुढं नातवाच्या बारशाचं आमंत्रण होतं. इंदूनं 'आनंद होतो'पर्यंत ऐकलं आणि लाल करून टाकलं.

आठ दिवस व्याही भंगारात पडून होते. शेवटी रिक्षा करून स्वतः आले. घामाघूम.

"विहीणबाई, मी काय तुम्हाला कर्ज देतोय का?"

"मग तुमी श्वास का घेत न्हाई बोलताना?"

"घेतो की!"

"ऐकू यील असा घ्या."

तेव्हापासून व्याह्यांचा फोन आला की आधी भात्यासारखा एक मोठा श्वास येतो, मग "नमस्कार." त्यांना हिरव्यात घ्यायचं तिच्या जिवावर आलं. शेवटपर्यंत ते पिवळ्यात होते. हळूहळू आमच्या सगळ्या गल्लीलाच सवय लागली. दूधवाला खोकायचा, गिरणीवाला पीठ झटकल्यासारखा हात आपटायचा. लेक तर सरळ म्हणायची, "आई, घे माझा श्वास, आणि आता बोल लवकर, माझी बस आली."

हसू नका. पुढं ही परीक्षा माझ्या वाट्याला आली ती माझ्याच करणीनं.

त्याचं असं, की एकदा ती बाजारात गेली असताना माझा फोन वाजला. मशीन म्हणालं, तुमच्या नावाचं पार्सल अडकलंय, एक दाबा. मी दाबला. लेकीनं काही पाठवलं असेल. पलीकडून एक दांडगा आवाज आला. म्हणाला, पोलीस. पार्सलमध्ये नको तो माल सापडलाय, जागेवरून हलायचं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. आयुष्यभर साहेब म्हणाला तिथं उभा राहिलो. खुर्चीतून उठलो, टोपी घातली आणि फोनसमोर ताठ उभा राहून आधारचा नंबर सांगायला लागलो. बारातले आठ आकडे गेले. तेवढ्यात इंदू पिशवी घेऊन दारात.

तिनं फोन हिसकला. कानाला लावला. थोडा वेळ ऐकत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "श्वास हाय. म्हंजे माणूस हाय. पण बद्द वाजतोयस रं बाबा." आणि लाल.

मला वाटलं आता माझी काशी होणार. पण तिनं माझ्या डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली आणि चहा टाकला. चहा देताना एवढंच म्हणाली, "टोपी कशाला घातली व्हती?"

त्याच हिवाळ्यात डॉक्टरनं तिचं हृदय थकलंय असं सांगितलं. गोळ्या दिल्या, जिना चढू नका म्हणाला. तिनं गोळ्यांना टिचकी मारली नाही. घरी येऊन माझी शाळा सुरू केली. रोज संध्याकाळी आतून फोन, बाहेर मी.

"मी गेल्यावर तुमाला कुणीबी गंडवंल," ती म्हणायची. "तुमी पास झाल्याबिगर मला जाता येत न्हाई."

मी रोज नापास. आधी आधी खरंच जमायचं नाही. नंतर नंतर जमायला लागलं होतं, पण तिचं हे बोलणं ऐकल्यावर मला पास व्हायचं नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही. तिला कळत नसेल असंही नाही. एवढा कान असलेली बाई.

त्या शेवटच्या संध्याकाळचं थोडं सांगायचं राहिलं. नापास होऊन मी आत गेलो. तिच्यासमोर बसलो, मेथीची एक जुडी ओढली.

"तुला एवढा बारीक श्वास ऐकू येतो कसा गं? कंपनीत शिकवलं?"

"कंपनीत बीड वाजवाया शिकले. श्वास तुमच्यापाशी शिकले."

"माझ्यापाशी?"

"तुमी भोसरीला ओतकामात व्हता. रात्रपाळी करून यायचा आन् दुपारी मढ्यावानी झोपायचा. छातीत सगळी ती काळी धूळ. मधीच श्वास अडकायचा तुमचा. मी बाजूला भाजी निवडत बसायची. श्वास थांबला की मोजायची. तीनाच्या आत आला की पुढची काडी."

"आणि नाही आला तर?"

"यायचा."

"किती दिवस बसलीस अशी?"

"तुमी ते काम सोडेपर्यंत."

म्हणजे अकरा वर्षं, ती कंपनीत लागायच्या आधीची. मला वाटायचं, ही बाई दुपारची पडत का नाही, हिला माझा संशय आहे का, मी झोपेत कुणाचं नाव घेतो की काय. तसं एकदा भांडलोही होतो.

"मला उठवायचं तरी," मी म्हणालो.

"झोपमोड कशाला," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली काडी काढून घेतली. "ही जून हाय. टाका."

रात्री मेथीची भाजी आणि भाकरी खाल्ली. ती नेहमीसारखी माझ्याआधी झोपली.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. तिचं उठणं पाचचं. म्हटलं, असू दे, डॉक्टरनं विश्रांती सांगितलीय. मीच चहा टाकला. तेवढ्यात फळीवरचा माझा फोन वाजला. उचलला. गप्प राहिलो. एक, दोन, तीन. श्वास नाही, खोकला नाही. 'चऱ्होलीत दोन बीएचके.' मी लाल केलं. मोठ्यानं म्हणालो, "भंगार!"

आणि पास झालो, हे सांगायला चहा घेऊन आत वळलो. इंदू कुशीवर होती, तोंड भिंतीकडं. हाक मारली. मग चहा खाली ठेवला, तिच्याजवळ बसलो आणि कान तिच्या तोंडापाशी नेला.

एक. दोन. तीन.

तिनं शिकवलेलं तिथं संपत होतं. मी पुढं मोजत राहिलो. शंभराच्या पुढं माझी गडबड होते, म्हणून परत एकपासून धरलं.