छत्तीसपैकी एकेचाळीस

एका रविवारी, पोटभर जेवण झाल्यावर, यज्ञेश्वर मेहेंदळे यांनी घरातला कॉम्प्युटर जास्त वेगाने पळवायचं ठरवलं. त्याच्या वेगाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण पोट भरलेलं असलं की यज्ञेश्वरांना सुधारणा सुचत.

पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. कर्वेनगरातल्या मेहेंदळ्यांकडे मात्र कॉम्प्युटर आला तो सुहासिनीबाईंच्या कामासाठी. त्या त्यावर पत्रिका करून देत, मुलामुलीचे गुण जुळवून देत. गुरुजींशी तासभर वाद घालणारी माणसं छापील कागद हातात आला की गप्प बसत. यज्ञेश्वर विमा कचेरीत हेडक्लार्क. कॉम्प्युटरवर त्यांचा हक्क फक्त धूळ पुसण्यापुरता होता, आणि हेच त्यांना लागत असे.

"तुमचा तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ना? साडेचारशेने सहज पळेल!" कचेरीतल्या रंगनाथांनी सांगितलं होतं. "ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. बोर्डावरचा जंपर हलवायचा की झालं." (रंगनाथांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, हे मागाहून कळलं.)

जंपर म्हणजे मुगाच्या डाळीएवढी टोपी. यज्ञेश्वरांनी ती चिमट्याने उपटून शेजारच्या काड्यांवर बसवली. (चिमटा सुहासिनीबाईंचा, भुवया कोरायचा.) कॉम्प्युटर सुरू झाला आणि खरोखरच सुसाट पळायला लागला.

"बघ! पत्रिकेला दीड मिनिट लागायचं, आता एका मिनिटात!"

"उरलेल्या अर्ध्या मिनिटाचं मी काय करू तेही सांगा," सुहासिनीबाई म्हणाल्या.

तो प्रश्न कॉम्प्युटरनेच सोडवला. दुसऱ्या दिवसापासून तो मधूनमधून गोठू लागला. पडदा निळा पडे, आणि पत्रिकेसाठी आलेली मंडळी चहाचा दुसरा कप मागत.

यज्ञेश्वरांनी दोष शोधायला घेतला. आधी संशय वीज मंडळावर. मग सुहासिनीबाईंच्या मिक्सरवर, म्हणून दोन दिवस घरात चटणी बंद. मग मेमरीची पट्टी काढून तिचे पाय खोडरबराने घासले. विंडोज पुसून पुन्हा भरली. संशय घ्यायला घरात आता फक्त देव्हारा उरला होता. जंपर हलवणाऱ्यावर मात्र त्यांनी एकदाही संशय घेतला नाही.

शेवटी त्यांनी डब्याचं झाकण काढलं, प्रोसेसरवरच्या पत्र्याला बोट लावलं आणि ओरडले. पत्रा तव्यासारखा तापला होता.

"सापडलं! गरमीचा त्रास आहे!"

"मे महिना आहे. मलाही आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या.

पण टेबलफॅन गेला कॉम्प्युटरकडे. उघड्या डब्यासमोर पंखा लावला आणि यंत्र शहाण्यासारखं चालू लागलं. नवराबायको वर्तमानपत्राने वारा घेत बसले. यज्ञेश्वर घामाघूम, पण समाधानी. खात्रीसाठी त्यांनी स्वतःची आणि बायकोची पत्रिका जुळवून पाहिली. लग्नात सत्तावीस गुण जमले होते. यंत्रानेही सत्तावीस दिले. पुन्हा सत्तावीस. तिसऱ्यांदा, पंखा जरा हलला तेव्हा, नऊ.

"पुन्हा चुकलं वाटतं!"

"थांबा," चष्मा लावत सुहासिनीबाई म्हणाल्या, "हे बरोबर दिसतंय."

यज्ञेश्वरांनी पंखा सरळ केला आणि विषय मिटला असं मानलं.

त्याच आठवड्यात खडकीहून रामदास गोडसे आले. सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, ताठ, कमी बोलणारे. त्यांच्या मुलीने, नीरजाने, वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या आमोदशी लग्न ठरवलं होतं. पत्रिका जुळल्याशिवाय होकार नाही, असं रामदास म्हणाले होते. तेव्हापासून मुलगी त्यांच्याशी बोलत नव्हती.

"काय उकडतंय हो तुमच्याकडे," असं म्हणून त्यांनी टेबलफॅन स्वतःकडे वळवला. पाहुण्याला नको कसं म्हणायचं? यज्ञेश्वर नुसते डब्याकडे बघत राहिले. मुलामुलीच्या जन्मवेळा भरून सुहासिनीबाई चहा टाकायला आत गेल्या होत्या. प्रिंटर करकरला. रामदासांनी कागद ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"एकेचाळीस?"

"किती?" सुहासिनीबाई आतून धावत आल्या.

"छत्तीसपैकी एकेचाळीस," रामदास शांतपणे म्हणाले, कागदाची घडी खिशात ठेवली, दक्षिणा टेबलावर ठेवली आणि थांबा-थांबा म्हणेपर्यंत जिना उतरून गेले.



"जंपर," सुहासिनीबाई म्हणाल्या. एवढाच एक शब्द. भुवयांचा चिमटाही त्यांनीच आणून दिला.

यज्ञेश्वरांनी टोपी मूळ जागी बसवली आणि तीच जोडी पुन्हा जुळवली. साडेअकरा. पंखा बंद करून पाहिलं, मिक्सर लावून पाहिलं, तरी साडेअकराच. इतका इमानदार निकाल यंत्राने आठवडाभरात दिला नव्हता. अठराच्या खाली गुण म्हणजे रामदासांचा नकार. आणि लपवायचं म्हणजे सुहासिनीबाईंच्या शब्दाला किंमत ती काय राहिली?

"सांगायला जायचं," त्या म्हणाल्या. "आणि बोलणार तुम्ही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं खडकीला पोचले तेव्हा गोडशांचं दार उघडंच होतं आणि आत हसण्याचा आवाज येत होता. नीरजा वडिलांच्या शेजारी बसून साखरपुड्याच्या साड्या दाखवत होती. यज्ञेश्वरांनी घसा साफ केला. जंपर, पत्रा, पंखा असं सगळं ओकून टाकलं आणि शेवटी खाली मान घालून म्हणाले, "साडेअकरा जमतात हो. क्षमा करा."

नीरजाचा चेहरा उतरला. रामदासांनी तिच्याकडे पाहिलं, मग मेहेंदळ्यांकडे.

"अहो, हिशेबखात्यात माझा जन्म गेला. छत्तीसातून एकेचाळीस येत नाहीत, एवढं कळतं मला."

"मग?"

"मग काय! पोरगी बोलेना, घर खायला उठलं होतं. माझा शब्द मलाच मागे घेता येईना. काहीतरी छापील हातात हवं होतं. अठरा आले असते तरी भागलं असतं, तुमच्या यंत्राने जरा हात सैल सोडला. आता साडेअकराचं हे बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही. आणि मला आमोद पसंत आहे, पत्रिकेसकट."

"बाबा!" नीरजा म्हणाली आणि डोळे पुसत चहा टाकायला गेली. सुहासिनीबाईंनी दक्षिणा परत द्यायला पर्स उघडली, ती रामदासांनी मिटायला लावली.

यज्ञेश्वरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकंच नव्हे, एक लग्न जमवल्याचा थोडासा अभिमानही तिथे चढला. निघताना दारात ते म्हणाले, "कार्याला काही मदत लागली तर हक्काने सांगा. लाइट म्हणा, माइक म्हणा..."

रामदासांनी हात जोडले.

"तुम्ही दोघांनी अगत्याने यायचं. वहिनींनी आदल्या दिवसापासून. तुम्ही थेट पंगतीला."