नामदेवभाऊंचं लिथियम

आमच्या पिपरी मेघेत मुलांचा निकाल लागला की लोक पेढे वाटतात. आमचे शेजारी नामदेवभाऊ स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट आला की वाटतात. दर तीन महिन्यांनी फाटकापाशी उभे राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून, "पॉइंट सात! एकदम फस्क्लास!" पॉइंट सात म्हणजे त्यांच्या रक्तातलं लिथियम. नव्या माणसाला वाटतं, हे मोबाइलच्या बॅटरीबद्दल बोलताहेत.

आजार लपवणं भाऊंना मान्य नाही. "शुगरवाले लपवते का? मंग मी काऊन लपवू? बायपोलर हाये मले," हे त्यांनी भाजीवाल्यालाही ऐकवलं आहे. म्हणजे कधी मन असं उधळतं की झोपच नको, आणि कधी असं बसतं की महिना महिना अंथरुणातून उठवत नाही. लिथियमची गोळी सुरू झाल्यापासून दोन्ही आवाक्यात आहे. याचा त्यांना कोण अभिमान! खरं सांगायचं तर मलाही आहे. रोज न चुकता एक गोष्ट करणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

भाऊ बसस्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर. रात्री आठला गोळी, म्हणून तपासणीचं रक्त सकाळी आठला, बरोब्बर बारा तासांनी. लॅबचं शटर पाच मिनिटं उशिरा उघडलं तर "गाडी लेट काऊन?" म्हणून तिथल्या बाईंना फैलावर घेतात. त्यांना तिथे न्यायचं काम माझ्या स्कूटरचं, आणि अर्थात माझं. मला कुणी विचारलं नव्हतं. उन्हाळ्यात तर विचारू नका. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की लिथियम वाढतं, म्हणून हातात सदैव बाटली. माझ्या वरणात मीठ कमी पडलं की, "बाई, लेव्हल बिघडवता का माही?" एकदा त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून मी दुखण्याची गोळी पुढे केली, तर तिनंही लिथियम वाढतं म्हणून दोन पावलं मागे सरकले. "डॉक्टरले इचारल्याबिगर नाई!"

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डॉक्टरांनी एका अभ्यासासाठी त्यांचं रक्त मागितलं. या आजारात काहींच्या शरीरात बारीकशी सूज धुमसत असते, लिथियम ती शांत करतं का, हे तपासायचं होतं. अजून नक्की कुणालाच माहीत नाही, असं डॉक्टर म्हणाले. भाऊंना मात्र दुसऱ्या दिवशी सगळं माहीत होतं. "चोर कवाचा पयाला, पन आंगातला चौकीदार काठी आपटूनच राह्यला. हे सूज म्हनजे तेच. लिथियम त्याले म्हनते, बस कर बाप्पा!"

मग म्हणाले, "सख्ख्या भावाचं रक्त लागते म्हनते. त्याच्याबिगर माहं घेतच नाई."

त्यांचा धाकटा भाऊ वासुदेव हिंगणीला असतो, केळीचा मळा करतो. आठ वर्षांपूर्वी, गोळी सुरू व्हायच्या आधी, भाऊंचं मन उधळलं होतं. वासुदेवचा केळ्यांनी भरलेला टेम्पो त्यांनी बसस्टँडवर वळवला आणि सुटणाऱ्या प्रत्येक गाडीला एकेक घड वाटला. अडवायला आलेल्या वासुदेवला चारचौघांत नको ते बोलले. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

तरी आम्ही हिंगणीला गेलो. वासुदेव अंगणात खाटेवर बसला होता. ये म्हणाला नाही. भाऊंनी उभ्या उभ्याच सूज, चौकीदार, काठी, सगळं सांगितलं. बोलताना सारखं पाणी पीत होते.

"मले काऊन सांगून राह्यला?"

"तुह्यं रक्त पाह्यजे."

"केळं नेले, आता रक्त नेतं?" वासुदेव उठून आत गेला.

 परतताना मला त्या वासुदेवचा राग आला. मग फाटकाशी उतरताना भाऊ म्हणाले, "तारीख अन् टाइम सांगतला ना मी त्याले?" सांगितलं होतं. दोनदा.

ठरल्या दिवशी दवाखान्यात सकाळचे आठ वाजून गेले. नर्स नाव पुकारत होती आणि भाऊ, जन्मात पहिल्यांदा, "अजून पाच मिन्टं" म्हणत होते. तेवढ्यात दारात वासुदेव दिसला. इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामी पिशवी.

"मी पेशंटचा भाऊ. माह्याबिगर अडलं म्हने तुमचं."

नर्सनं कागद चाळले. "अडलं नाही हो. नातेवाइकाचं रक्त मिळालं तर चांगलं, नाही तर यांचं एकट्याचं चालतं. यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मी भाऊंकडे पाहिलं. ते स्वतःच्या चपलांकडे पाहत होते.

"असं हाय होय," वासुदेव म्हणाला. "मंग नुसतं ये म्हनाचं होतं. रक्ताचं काऊन सांगतलं?"

"नुसतं म्हनलं असतं त आला असता?"

वासुदेवनं जरा विचार केला.

"नाई," तो म्हणाला, आणि शर्टाची बाही वर सारून भाऊंच्या शेजारच्या खुर्चीत बसला.