आधी पाय, मग यंत्र

आमच्या शाळेत कुणीही आलं, तरी दहिफळे गुरुजी आधी त्याच्या पायांकडे बघतात. "पायताण काढा. जमिनीला तुमची वळख होऊ द्या."

पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीवरची ही शाळा. आम्ही दोघेच शिक्षक. मी बूट घालतो आणि त्याची मला उगाचच लाज वाटते. गुरुजी पोरांना घेऊन अनवाणी शेतात जातात. ओल किती, मुरूम कुठे लागला, हे पोरांनी तळपायानं सांगायचं. ही विद्या गुरुजींच्या आजोबांची. मग पिशवीतून ओलावा मोजायचं यंत्र निघतं. ते चालवायला गुरुजी मोबाईलवर शिकले. "पायाचं ऐकलं, आता यंत्राचं ऐकू." दोघांचं जुळलं नाही, तर खड्डा खणून बघायचं.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनाही बूट काढावे लागले. थोडं चालले नाहीत तोच टाचेत सराट्याचा काटा! मी माफी मागत धावलो. चूक कुणाचीही असो, माफी मीच मागतो. गुरुजी मात्र खुलले.

"पोरांनो, सायबांच्या पायानं काय सांगितलं?"

"सराटा हाय, म्हंजी जमीन तुडवून घट्ट झालीया!"

"शाब्बास! साहेब, हलू नका, तिथंच यंत्र लावतो."

साहेब एका पायावर उभेच.

दिवाळीनंतर बरीचशी वाडी ऊसतोडीला जाते, पोरंही जातात. त्यांना गुरुजींचा अभ्यास असतो: उसाच्या ज्या फडात जाल, तिथं अनवाणी उभं राहा आणि फोन करून सांगा. मला हे खूळच वाटायचं.

परवा चौथीतल्या मुक्ताचा फोन आला. मागं राहिलेली चार पोरंही त्या दिवशी शेजारच्या गावच्या यात्रेला गेलेली. शाळेत आम्ही दोघंच. गुरुजींनी स्पीकर लावला.

"गुरुजी, हितली माती काळी हाय, लई गार. पायाला चिकटतीया."

"शाब्बास. आनि?"

ती थांबली. "बा म्हनतो, पोरंच न्हाईत, शाळा बंद पडनार. मी आल्यावर शाळा असंल ना?"

गुरुजींनी रिकाम्या वर्गाकडे पाहिलं.

"बंद कशानं पडती? समदी बसल्यात हितं. पोरांचा कालवा ऐकू येईना व्हय तुला?"

मग फोनवर हात दाबून ते माझ्याकडे वळले. "सर, कालवा करा की!"

खोटं मला पचत नाही. तरी बाकावर हात आपटत, पन्नाशीच्या घशातून जमेल तेवढ्या पोरांचा आवाज काढत, मी बेचा पाढा सुरू केला.

बे चोक आठला पलीकडून मुक्ताही म्हणू लागली.